पोलमन: मोठी खेळाडू की नुसतं मोठं नाव? (डच महिला हँडबॉल)

सातमीटर | १७ डिसेंबर २०१९

परवा रविवारी घरी चार माणसं जेवायला होती आणि यजमान टीव्हीसमोरून हलायला तयार नव्हता. यजमान म्हणजे मी. तिकडे जपानात, कुमामोटोला, नेदरलँड्स आणि स्पेनमध्ये महिला हँडबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. ३०-२९. डच जिंकले. पुरुषांचं धरा की बायकांचं, या देशाला हँडबॉलमधलं जगज्जेतेपद याआधी कधीही मिळालेलं नव्हतं.

शेवट तर असा की लिहून सांगितलं तर कुणाला खरं वाटू नये. २९-२९ अशी बरोबरी. सहा सेकंद शिल्लक. डच मुली मध्यावरून चेंडू फेकायला उभ्या राहिल्या आणि स्पेनची एक खेळाडू आडवी आली. आता नियम असा की शेवटच्या तीस सेकंदांत चेंडू थांबलेला असताना फेक अडवली, तर थेट लाल कार्ड आणि वर सात मीटरची पेनल्टी. लोइस आबिंगने ती घेतली. चेंडू जाळ्यात, आणि आमच्या घरात आमटी उतू.

पण धागा काढला तो पेनल्टीसाठी नाही. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली एस्ताव्हाना पोलमन. काल ऑफिसात कुणीतरी केक आणला होता. केकभोवती दोनच विषय, एक ती पेनल्टी आणि दुसरी पोलमन. त्यातही पोलमनबद्दलच्या निम्म्या गप्पा तिच्या जोडीदाराबद्दल. जोडीदार म्हणजे राफाएल व्हान डेर व्हार्ट, फुटबॉलवाला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ही बाई इथे नेदरलँड्समध्ये घराघरात माहीत आहे ती खेळामुळे, की 'त्याची ती' म्हणून? हँडबॉल बघणाऱ्यांनी लिहा. न बघणाऱ्यांनीही लिहा, तसे तुम्ही कुणाला ऐकणार आहात!

चहाबाज | १७ डिसेंबर २०१९

हँडबॉल म्हणजे फुटबॉलमध्ये चेंडू हाताला लागला की शिट्टी वाजते, तेच ना? त्याचा विश्वचषक पण असतो?

(आमटी उतू गेली याबद्दल वहिनींना सहानुभूती.)

मैदानी_बाई | १७ डिसेंबर २०१९

चहाबाज, शिट्टी आम्हीच वाजवायचो. एकतीस वर्षं शाळेत पीटी शिकवलं आहे, त्यातली वीस वर्षं हँडबॉलचा मुलींचा संघ माझ्याकडे. तेव्हा जरा नीट बसून ऐका.

चाळीस बाय वीस मीटरचं मैदान. एका बाजूला सात जण, म्हणजे कबड्डीइतकेच. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. गोलसमोर सहा मीटरवर अर्धगोल रेघ, त्याला आमच्याकडे सरसकट 'डी' म्हणतात. डीमध्ये फक्त गोलरक्षक. तुम्हाला त्यात पाऊल टाकता येत नाही, पण रेघेच्या बाहेरून उडी मारून हवेत असताना चेंडू मारता येतो. मारलात की मग पडा कुठे पडायचं तिथे. चेंडू हातात घेऊन तीन पावलं, आणि हातात ठेवायचा तर तीन सेकंद. बास. बाकी सगळं अंगाला अंग भिडवून.

आम्ही मुरमाच्या मैदानावर फक्कीने डी आखायचो. पहिल्या पाच मिनिटांत फक्की पुसली जायची आणि पुढचा सामना पंचांच्या अंदाजावर. मुलींचे गुडघे सोलून निघायचे. असल्या मैदानावर हवेत झेप घ्यायला काय छाती लागते ते ज्याने घेतली त्यालाच ठाऊक.

पोलमनचे तुकडे पुतण्याने मोबाइलवर दाखवले. लांबून मारणाऱ्या बॅक खेळाडू असतात ना, युरोपात त्या चांगल्या ताडमाड असतात, बचावाच्या डोक्यावरून मारतात. ही त्या मानाने बुटकी. ही डोक्यावरून जात नाही, दोघींच्या मधून जाते. डावीकडे झुकते, समोरची त्या पायावर वजन टाकते, तोवर ही उजवीकडून आत. कबड्डीत चढाई करणारा पोर जशी हूल देतो तशी. हे शिकवून येत नाही. मी वीस वर्षं शिकवायचा प्रयत्न केलाय.

अजॅक्सवाला | १८ डिसेंबर २०१९

अरे, ही ती होय! मला राफाएलमुळेच माहीत आहे, खोटं कशाला बोलू.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अजॅक्सच्या पोरांतून वर आलेला, मग हॅम्बुर्ग, मग रिआल माद्रिद, मग टॉटनहॅम. २०१०च्या विश्वचषकात डच संघ अंतिम सामन्यात पोचला त्या संघातला. डावा पाय म्हणजे लोणी. असा माणूस २०१६ साली डेन्मार्कच्या मिडट्युलंडला गेला तेव्हा आम्ही सगळे डोकं खाजवत बसलो होतो. पैसा म्हणावा तर तिथे तो कुठला! मग कळलं की ती डेन्मार्कात खेळते. २०१८मध्ये तो चक्क एस्बियर्गच्या फुटबॉल क्लबकडे गेला, म्हणजे तिच्याच गावात, आणि त्याच वर्षी पस्तिसाव्या वर्षी बूट टांगले.

म्हणजे बघा, माद्रिदपासून निघालेली गाडी एस्बियर्गला थांबली ती हँडबॉलपायी.

तरी माझं मत: तो नसता तर तिला हँडबॉलवाल्यांपलीकडे कुणी ओळखलं नसतं.

डेन्मार्कची_सून | १८ डिसेंबर २०१९

अजॅक्सवाला, गंमत सांगते. आमच्याकडे हे बरोबर उलटं आहे.

एस्बियर्ग म्हणजे डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बंदर. समुद्रातलं तेल, पवनचक्क्या, बोचरा वारा आणि काठावर बसलेले चार प्रचंड पांढरे पुतळे, समुद्राकडे बघत. एवढंच. माझं सासर तिथून दीड तासावर. पोलमन तिथल्या टीम एस्बियर्गकडे २०१३मध्ये आली, तेव्हा कोण राफाएल! तिच्यासोबत क्लबने २०१६ साली लीग जिंकली, यंदा २०१९मध्ये परत जिंकली. माझे सासरे तिला 'आमची' म्हणतात. तो आला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "पोलमनचा तो मुलगा फुटबॉल खेळतो म्हणे?" रिआल माद्रिदवाल्याला!

याचं कारण समजून घ्या. हँडबॉल ही इथली स्वतःची वस्तू आहे. डॅनिश बायकांनी १९९६, २००० आणि २००४ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या पोरी आज आया आहेत, आणि आपल्या पोरींना शनिवारी सकाळी हॉलवर घेऊन जातात. इथे बायकांची लीग टीव्हीवर लागते, वर्तमानपत्रात येते, आणि खेळाडूला महिन्याचा पगार मिळतो. त्यामुळे इथे तिला कुणाच्या नावाची गरज पडली नाही. ती गरज तुमच्या नेदरलँड्समध्ये पडते. दोष असलाच तर तिचा नाही, गावाचा आहे.

नीकेपंथी | १८ डिसेंबर २०१९

पोलमन चांगली आहे. पण डच हँडबॉलमधली सर्वांत मोठी कोण, तर नीके ग्रोट. विषय संपला.

बरं, नाही संपला, थोडं लिहितो. ग्योर हा हंगेरीचा क्लब. युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये २०१६ साली अंतिम फेरीत बुखारेस्टकडून पेनल्टीवर हरले. मग २०१७, २०१८, २०१९, लागोपाठ तीन वेळा जिंकले. पहिले दोन अंतिम सामने जादा वेळेत गेले, समोर दोन्ही वेळा मॅसिडोनियाचं वार्दार, आणि दोन्ही वेळा एका गोलने निकाल. तिसरा रशियाच्या रोस्तोवविरुद्ध, २५-२४. तोही एकच गोल. या तिन्ही वर्षी मधोमध उभी राहून खेळ चालवणारी बाई म्हणजे ग्रोट. असल्या सामन्यात एका गोलचा फरक नशिबाने एकदा पडतो, तीनदा नाही पडत.

आणि आता सोनं आलं तेव्हा ती संघात नव्हतीच. राष्ट्रीय संघातून त्याआधीच बाजूला झाली होती. किती जणांनी केक कापताना तिचं नाव घेतलं? सातमीटर, तुमच्या ऑफिसात घेतलं का?

सातमीटर | १८ डिसेंबर २०१९

@नीकेपंथी: नाही घेतलं. मीही नाही. (इथे तिला 'ख्रोट' म्हणतात बरं का. डच 'ग' घशातून येतो. आमच्या हिला पहिले सहा महिने वाटायचं की सगळ्या देशालाच खोकला झालाय.)

पण तुमच्याच उदाहरणातून एक गोष्ट निघते. ग्रोटचं सगळं वैभव ग्योरला. पोलमनचं एस्बियर्गला. परवा पेनल्टी मारणारी आबिंग जर्मनी, रोमानिया, फ्रान्स करत आता रशियात रोस्तोवकडून खेळते, आणि उपांत्य सामन्यात रशियालाच ३३-३२ ने घरी पाठवून आली. गोलरक्षक टेस वेस्टरही जर्मनी करून डेन्मार्कात. आख्खा संघ परदेशी नोकरीला! डच लीगमध्ये पोट भरत नाही हो. मुली संध्याकाळी सराव करतात आणि दिवसा शिकतात किंवा कुठेतरी काम करतात. मग मोठं व्हायचं तर बाहेर जायचं, आणि बाहेर गेलं की गावाला विसर पडतो. आपल्याकडच्या मंडळींना हे समजावून सांगायला नको.

मग हा संघ उगवला कुठून? तर आर्नहेमच्या कडेला जंगलात पापेंडाल नावाचं क्रीडाकेंद्र आहे. तिथे हँडबॉल संघटनेने अकादमी काढली. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी घर सोडून तिथे राहायच्या. सकाळी सराव, मग शाळा, मग परत सराव. लीग गरीब आहे तर असू दे, आपण वीस-पंचवीस पोरी घेऊन त्यांनाच घडवू, असा हिशोब. पोलमन मुळात आर्नहेमचीच, १९९२चा जन्म. आबिंगही १९९२ची, पण ती पार उत्तरेच्या ग्रोनिंगेनची. एकाच वयाच्या या पोरी एकत्र जेवल्या, एकत्र झोपल्या, एकत्र रडल्या. मैदानावर ते दिसतं. पोलमन न बघता चेंडू सोडते आणि तिथे कुणीतरी असतंच.

आणि पैशाचं म्हणाल तर हे ऐका. २०१२ची युरोपियन स्पर्धा नेदरलँड्समध्ये व्हायची होती. सहा महिन्यांवर आलेली असताना संघटनेने हात वर केले, पैसे जमत नाहीत म्हणून. स्पर्धा सर्बियाला गेली. घरचं लग्न शेजारच्या मांडवात! त्या पोरी तेव्हा वीस वर्षांच्या होत्या.

पुढचा हिशोब नॉर्वेचा. २०१५च्या विश्वचषकात अंतिम फेरी, नॉर्वेकडून हार, ३१-२३. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरीत फ्रान्सकडून एका गोलने हार, आणि कांस्यपदकाच्या सामन्यात पुन्हा नॉर्वे. २०१६च्या डिसेंबरात युरोपियन स्पर्धेची अंतिम फेरी, नॉर्वे, ३०-२९. एका वर्षात तीनदा! २०१७च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत कोण? बरोबर. तिथून कांस्य आणलं. २०१८च्या युरोपियन स्पर्धेतही कांस्य.

यंदा नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली गेले, एमानुएल मायोनाद, फ्रेंच माणूस, फ्रान्समधला मेट्झचा क्लब सांभाळून हे काम करतो. पहिलाच सामना स्लोव्हेनियाशी हरले. मी त्या दिवशी टीव्ही बंद करून पडदे धुवायला घेतले होते. आणि बघा.

चहाबाज | १९ डिसेंबर २०१९

नॉर्वे म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिसतात. दर वर्षी निवडणूक, दर वर्षी तेच.

मैदानी_बाई | १९ डिसेंबर २०१९

सातमीटर, तुमच्या यादीत एक गोष्ट घाईत निसटली. २०१७च्या कांस्यपदकात पोलमन नव्हती. तिला त्याच वर्षी मुलगी झाली होती, विश्वचषक डिसेंबरात.

पुतण्याकडून हे कळल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. २०१७मध्ये बाळंतपण. २०१८च्या डिसेंबरात परत देशाच्या संघात, कांस्य. २०१९च्या डिसेंबरात जगात पहिली. या खेळात पोटावर, बरगड्यांवर, कमरेवर सारखे हात बसतात. उडी मारून एका पायावर उतरायचं, मागून धक्का. बाळंतपणानंतर ते अंग पुन्हा तसं करायचं म्हणजे किती महिने, कुणाच्या हाताखाली, घरात बाळ कुणाकडे, याचा विचार करा.

माझ्या वीस वर्षांत राज्य स्पर्धेपर्यंत गेलेल्या पंचवीसेक मुली असतील. एक होती डावखुरी, उजव्या विंगवरून अशी आत यायची की पंचही बघत राहायचे. बारावीला क्रीडागुण मिळाले, पुढच्या वैशाखात लग्न. दोन वर्षांनी बाजारात भेटली, कडेवर पोर. मी म्हटलं, येत जा संध्याकाळी, नव्या मुलींना दाखव. हसली. "बाई, आता कुठे." आता कुठे! एकवीस वर्षांची होती.

तेव्हा पोलमनला जोडीदारामुळे प्रसिद्धी मिळाली का, हा प्रश्न मला तितका महत्त्वाचा वाटत नाही. तो माणूस स्वतःचा खेळ घेऊन तिच्या गावाला राहायला गेला, हे मात्र मला दहा वेळा वाचावंसं वाटतं.

संपादक | १९ डिसेंबर २०१९

मधले तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत. खेळाडूच्या दिसण्यावर टिप्पणी करायला हा धागा नाही. पुन्हा झाल्यास प्रतिसादासोबत सदस्यही जाईल.

नीकेपंथी | २० डिसेंबर २०१९

संपादकांचे आभार. पण जे उडवलं तोच माझा मुद्दा होता! पोलमन फोटोत येते, मासिकांच्या मुखपृष्ठावर येते, म्हणून प्रसिद्ध. ग्रोट मैदानाबाहेर दिसतच नाही, म्हणून नाही. खेळाचा याच्याशी काय संबंध?

डेन्मार्कची_सून | २० डिसेंबर २०१९

संबंध आहे, फक्त तुम्ही समजता तसा नाही. लहान खेळाला एक चेहरा लागतो. ज्या देशात हँडबॉल कुणी बघत नाही तिथे चौदा जणींची नावं लोक पाठ करत नाहीत. एकीचं करतात. त्या एकीसाठी टीव्ही लावतात, मग बाकीच्या तेराही दिसतात. डच लोकांनी २०१५ ते २०१९ यात आबिंग, वेस्टर, ग्रोट ही नावं शिकली ती पोलमन शोधता शोधता. तिने ते ओझं उचललं आणि वर खेळूनही दाखवलं. नुसता चेहरा असता तर कुमामोटोला उघडा पडला असता.

ग्रोट मोठी, मान्य. माझे सासरेही मान्य करतात, आणि ते सहसा काही मान्य करत नाहीत.

अजॅक्सवाला | २० डिसेंबर २०१९

बरं, माझं पहिलं वाक्य मागे घेतो. अर्धं मागे घेतो. तो नसता तर तिला डेन्मार्कात सगळे ओळखत असते आणि हॉलंडमध्ये परवापासून.

सातमीटर | २१ डिसेंबर २०१९

@अजॅक्सवाला: हे अगदी बरोबर बोललात.

एक घरगुती बातमी. लेक सात वर्षांची आहे. सामना बघून म्हणाली, मला हे खेळायचंय. आज गावातल्या क्लबात घेऊन गेलो. तिथल्या आजीबाई म्हणाल्या, या आठवड्यात तुम्ही नववे. नऊ नव्या पोरी! आणि येताना एका कागदावर माझी सही घेतली. घरी येऊन नीट वाचलं तर तो संघाच्या जर्सी धुवायच्या पाळ्यांचा तक्ता होता.

एक नवी गोष्ट कळली. मोठ्या सामन्यांत चेंडूला राळ लावतात, हाताला चिकटावा म्हणून. एका हातात चेंडू धरून हवेत फिरवता येतो तो त्यामुळे. इथल्या गावोगावच्या हॉलमध्ये मात्र राळेला बंदी. जमीन चिकट होते, मग बॅडमिंटनवाले भांडतात. म्हणजे पोरींनी लहानपणी बिनराळेचं शिकायचं आणि बाहेर गेल्यावर नव्याने हात बसवायचा. तरी जगज्जेत्या.

चहाबाज | २१ डिसेंबर २०१९

बॅडमिंटनवाले सगळीकडे सारखेच.

डेन्मार्कची_सून | १ सप्टेंबर २०२०

धागा वर काढते, बातमी वाईट आहे. पोलमनच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. डिसेंबरातली युरोपियन स्पर्धा गेली.

वर्षच विचित्र. कोरोनामुळे लीग मध्येच थांबवली आणि एस्बियर्गला विजेतेपद दिलं, पण ना शेवटचा सामना, ना हॉलमधला गोंगाट. सासरे म्हणाले, "करंडक पोस्टाने आल्यासारखा वाटला." जगज्जेत्यांना थेट प्रवेश असतो म्हणून ऑलिंपिकचं तिकीट कधीच हातात होतं, तर ऑलिंपिकच पुढे गेलं.

मैदानी_बाई | १ सप्टेंबर २०२०

गुडघा. हँडबॉलमध्ये मुलींचा गुडघाच जातो. एका पायावर उतरायचं आणि त्याच क्षणी वळायचं, सगळा भार तिथे. हिच्यासारखी हूल देणारी तर जास्तच. जे तिचं शस्त्र तेच तिला कापतं. सावकाश ये म्हणावं पोरी.

नीकेपंथी | २ सप्टेंबर २०२०

मी इतके दिवस भांडलो, पण हे वाचून खरंच वाईट वाटलं. तिच्याशिवाय तो संघ बघायला मजा नाही. हे वाक्य कुणी पुढे माझ्याविरुद्ध वापरू नये.

सातमीटर | १६ डिसेंबर २०२५

पाच वर्षांनी परत आलोय. धागा सापडायला अर्धा तास लागला.

मधल्या काळात पोलमनने एस्बियर्ग सोडलं, रोमानियाला रॅपिड बुखारेस्टकडे गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये डच संघ उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून हरला. सोन्याच्या वर्षाची धार पुन्हा आली नाही, खोटं कशाला सांगू.

पण लिहायला आलो ते वेगळ्या कारणाने. यंदाचा विश्वचषक जर्मनी आणि नेदरलँड्सने मिळून भरवला. २०१२ला ज्यांनी पैसे नाहीत म्हणून हात वर केले होते तीच ही संघटना. अंतिम सामना रॉटरडॅमच्या अहॉय हॉलमध्ये, परवा रविवारी. डच संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि तिथे समोर, चहाबाज, तुमचे सेक्रेटरी. पुरते झोपवले आम्हाला. मग कांस्यपदकाचा सामना फ्रान्सशी जादा वेळेत गेला आणि तोही गेला. अंतिम सामन्यात नॉर्वेने जर्मनीला हरवलं.

लेक आता तेरा वर्षांची. उजव्या विंगवर खेळते, डावखुरी आहे. (मैदानी_बाई, तुमची आठवण झाली.) अहॉयमध्ये आम्ही पार वर, छताजवळ बसलो होतो. तिच्या संघातल्या सहा पोरी सोबत. पुढच्या रांगेत एका बाईने जुनी केशरी जर्सी घातली होती, पाठीवर ७९ आणि पोलमन. रंग उडालेला, म्हणजे तेव्हाचीच. मी लेकीला कोपराने ढोसलं, बघ. तर ती म्हणाली, "बाबा, मला त्या आठवत नाहीत. मी तेव्हा सात वर्षांची होते. मला फक्त आमटी आठवते."

क्लबात आज मुलींचे सात संघ आहेत. २०१९ला दोन होते. जर्सी धुवायची पाळी मात्र अजून चुकलेली नाही.

नीकेपंथी | १६ डिसेंबर २०२५

सात संघ! त्यातल्या किती पोरींना नीके ग्रोट माहीत आहे?

सातमीटर | १६ डिसेंबर २०२५

@नीकेपंथी: विचारलं. एकीला. तिचं आडनाव ग्रोट आहे.

अजॅक्सवाला | १६ डिसेंबर २०२५

राफाएल हल्ली टीव्हीवर फुटबॉलवर बोलतो आणि डार्ट्स खेळतो. कुणी विचारलं नाही, तरी सांगितलं.

चहाबाज | १७ डिसेंबर २०२५

मंडळी, थट्टा बाजूला. पुतणीच्या शाळेत हँडबॉल सुरू झालाय आणि काकाने हा धागा तिला वाचायला दिला, ही चूक झाली. आता ती म्हणते, काका, चेंडूला लावायची राळ आणून दे. पुण्यात कुठे मिळते? काष्ठौषधीच्या दुकानात विचारलं तर त्यांनी धूप घालायची राळ पुढे केली.

मैदानी_बाई | १७ डिसेंबर २०२५

ती नव्हे! ती लावलीत तर पोरीच्या हाताची साल निघेल. आधी मला सांगा, शाळेचं मैदान कसलं आहे? मुरमाचं असेल तर राळेचं नावही काढू नका, चेंडूचा लाडू होईल. आणि तिला म्हणावं, रोज संध्याकाळी भिंतीवर चेंडू मार, शंभर वेळा उजव्या हाताने, शंभर वेळा डाव्या. महिन्याने मला इथे लिहून कळव.